गाडीच्या पाठीवरचं अंडं

४ मार्च

ठरलं! गाडीनेच जायचं. आपली गाडी, आपलं स्टिअरिंग, आणि सीमेपलीकडे ताई!

फोनवर एवढंच म्हणाली, "ये की. मी कुठे नको म्हणतेय." तिच्या मानाने हे आग्रहाचं आमंत्रण झालं. भावोजी गेल्यापासून ताई फोनवर बोलते कमी आणि ऐकते जास्त. मी आपली बडबडते, ती हं हं करते, मग म्हणते गॅसवर दूध आहे. रोज कसलं गं दूध असतं गॅसवर?

तिला घेऊनच परत यायचं. भेटून नाही, घेऊन! कायमची. मागची खोली रिकामी केली, रंग दिला, खिडकीला पडदे ह्यांनी स्वतः शिवले. (शिंप्याच्या घरात पडद्यांना लग्नानंतर आत्ता कुठे मुहूर्त लागला.) ताईला मात्र अजून विचारलेलं नाही. ही फोनवर विचारायची गोष्टच नाही, फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं.

हे म्हणाले, "त्या येणार असं तू धरूनच चाललीस."

मग काय, न धरता चालू?

६ मार्च

शाळेला सुट्टी लावली. म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेला. शिकाऊ मंडळी हिरमुसली, एकटा तो दातांचा डॉक्टर तेवढा सुटल्यासारखा हसला. अजून त्याला चढावर गाडी उचलता येत नाही.

गंमत म्हणजे अख्ख्या गावाला गाडी शिकवली मी, पण मी स्वतः कुठे गेले? तोच चौक, तोच उतार, त्याच भिंतीलगत रिव्हर्स. सीमा म्हणून नुसती नकाशात पाहिलेली. आता या वयात पायाला भिंगरी!

जायचं शाळेच्याच गाडीने, दुसरी आहे कुठे. छपरावरची पाटी काढता येईल. पण माझ्या बाजूचा तो दुसरा ब्रेक निघत नाही — म्हणजे प्रवासभर तो ह्यांच्या पायाखाली असणार. ह्यांना गाडी चालवता येत नाही. ब्रेक मात्र फार आवडतो, असं दिसतंय. आज अंगणात बसून चार वेळा दाबून पाहिला.

८ मार्च

मी बाहेर असताना ताईचा फोन येऊन गेला. निरोप ह्यांनी घेतला — "ताई म्हणाल्या, निघताना अंडं विसरू नका, नाहीतर सीमेवर अडवतील."

अंडं?

हे म्हणाले, मीही विचारात पडलो, पण त्यांना उलट कुठे विचारत बसू.

९ मार्च

बाजारातून अंडी आणली. एक कशाला न्यायचं, चांगली दीड डझन घेतली. तिकडे मिळत नसतील, किंवा काही नियम असेल, परक्या मुलखाचं आपल्याला काय कळतं. ह्यांनी एकेक अंडं कापडाच्या चिंध्यांत गुंडाळलं, सुटाच्या अस्तरात सुद्धा! टोपलीत अशी नटून बसली होती की फोडायचा धीर झाला नसता.

मग ताईला फोन लावला. म्हटलं, काळजी करू नकोस, अंडी घेतली, ताजी आहेत, आणि कच्ची नको असतील तर उकडून आणते.

मला वाटलं लाइन गेली. आणि मग ताई हसायला लागली! भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर हात धरून हसते ना ती, तसं सुरू झालं, आणि मग हात सुटला असणार. "उकडून," म्हणाली, आणि पुन्हा हसली. मला काही कळेना, पण मीही हसले, आणि हसता हसता रडले. हे दारात टोपली घेऊन तसेच उभे.

अंडं म्हणजे स्टिकर! पांढरा, लांबट गोल, त्यावर काळी ठळक अक्षरं. आपल्या देशाबाहेर गाडी न्यायची तर तिच्या पाठीवर देशाच्या अक्षरांचं हे अंडं लावावं लागतं. भावोजी त्याला अंडंच म्हणायचे, म्हणून त्या घरात त्याचं नावच ते पडलं. आम्हाला कोण सांगणार!

आज गॅसवर दूध नव्हतं.

११ मार्च

अंडं आणलं! सीट कव्हरं विकतो त्या दुकानात मिळालं. दुकानदाराने विचारलं, कुठे निघालात? मी ताईचा देश सांगितला. त्याने खोक्यात हात घातला आणि झटक्यात काढून दिलं. पाकिटात दोन असतात, एक विकत नाही म्हणाला.

मागच्या काचेवरची "शिकाऊ चालक" ही अक्षरं सुरीने खरवडून काढली. इतक्या वर्षांची, निघता निघेनात. मग नंबरप्लेटच्या वरच्या अंगाला, पट्टी धरून, सरळ रेषेत अंडं चिकटवलं. दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. गाडी एकदम जग फिरून आल्यासारखी दिसायला लागली.

संध्याकाळी उगाचच दोन फेऱ्या मारल्या. बेकरीपुढे तर जरा जास्तच हळू.

१३ मार्च

फजिती!! लिहायलाही लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

ऑइल बदलायला गाडी मेकॅनिककडे नेली. हाही माझाच जुना विद्यार्थी. गाडीच्या मागे गेला आणि तिथूनच म्हणाला, "बाई, तुम्ही कधीपासून तिकडच्या झालात?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो म्हणाला, "ही बसची पाटी नाही हो. बसवर कुठे चालली ते लिहितात. यावर गाडी कुठून आली ते लिहायचं."

मी दुकानदाराला शिव्या घातल्या, पण खरं म्हणजे मलाही तसंच वाटलं होतं! निघालोय ताईकडे, तर पाठीवर ताईकडची अक्षरं. गावभर दोन दिवस परक्या देशाची अक्षरं मिरवली मी, आणि धंदा काय, तर लोकांना वाहतुकीचे नियम शिकवायचा.

मेकॅनिकने कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय. म्हणजे उद्यापर्यंत गावभर.

१४ मार्च

गावभर.

१५ मार्च

आता हसतं कोण बघू. सगळे नियम मिळवून वाचून काढले. अक्षरं मोठी हवीत, मागून येणाऱ्याला लांबून वाचता यावीत अशी. गाडीला ट्रेलर जोडला तर ट्रेलरच्या पाठीवर वेगळं, कारण पुढच्या गाडीचं झाकलं जातं. आणि मुख्य म्हणजे अक्षरं गाडीच्या नोंदणीची. चालवणारा कुठला का असेना, अंडं गाडीचं असतं, माणसाचं नाही. स्वतःच्या देशात फिरताना त्याची गरजच नाही. आणि कुणी दुसऱ्या देशात कायमचं राहायला गेलं, तर गाडीची नोंद तिथे करून घ्यायची, मग अंडं उतरलं.

जेवताना ह्यांची परीक्षा घेतली. ट्रेलरच्या प्रश्नाला नापास.

योग्य अक्षरांचं नवं अंडं आणून लावलं. जुनं काढताना फाटलं, त्याचा चोळामोळा झाला. त्याचा जोडीदार अजून पाकिटात तसाच आहे, दुकानदार परत घ्यायला तयार नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून दिला.

१९ मार्च

उद्या! झोप येईल असं वाटत नाही. हे केव्हाच घोरताहेत.

२० मार्च

पोचलो! हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे वाकडेच आहेत.

घाटात ह्यांनी तीनदा ब्रेक दाबला. एकदा वळण होतं म्हणून, एकदा ट्रक दिसला म्हणून, आणि तिसऱ्यांदा, विचारलं तर म्हणाले, "देखावा छान होता." मागून येणारा टेम्पोवाला जे बोलला ते वहीत लिहिण्यासारखं नाही. मग मी ह्यांना पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसवलं.

सीमा! मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. दोन टपऱ्या, एक आडवा दांडा, आणि कपड्यांना कडक इस्त्री केलेला अधिकारी. त्याने कागद पाहिले, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता गाडीच्या मागे गेला. आरशात त्याची नुसती टोपी दिसत होती, तीही खाली वाकली.

परत आला आणि म्हणाला, "सरळ लावलंय. लोक वाकडंतिकडं चिकटवतात."

मला काय झालं ते सांगता येत नाही. आयुष्यभर मी लोकांना पास-नापास करत आले, मला कोण करणार! "पट्टी धरून लावलंय," म्हटलं. तो हसला, दांडा वर गेला.

पलीकडे गेल्यावर लक्षात आलं, तिथल्या सगळ्या गाड्यांच्या पाठी कोऱ्या. त्या त्यांच्या घरीच आहेत ना! अंडं फक्त आमच्या गाडीला. जरा बुजल्यासारखं झालं, नव्या शाळेत पहिल्या दिवशी होतं तसं. आणि तेवढ्यात एका निळ्या गाडीने मागून येऊन हॉर्न वाजवला, बाजूने पुढे गेली, तर तिच्या पाठीवर आपलीच अक्षरं! आतली बाई खिडकीतून हात हलवत होती. ओळख ना देख. हे मांडी मोडून उठले, दोन्ही हात बाहेर! मीही हॉर्नवर हॉर्न. किती वेळ तरी आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

ताई फाटकात उभी होती. बारीक झालीय. मिठी मारली तर खांद्याची हाडं लागली. पण पहिलं वाक्य काय, तर — "उकडलेली आणलीस का?"

२१ मार्च

ताईला गाडी येते!!

सकाळी बघते तर भावोजींची गाडी अंगणात, धुळीत बुडालेली असेल म्हणून फडकं घेऊन गेले, तर लख्ख! टायरमध्ये हवा! मी विचारलं, कोण चालवतं गं? ताई म्हणाली, "मी." आणि किल्ली फिरवत फाटक उघडायला गेली.

भावोजी गेल्यावर शिकली. माझी बहीण, माझ्या सख्ख्या बहिणीने दुसऱ्या शाळेत गाडी शिकावी! मी रुसले, स्पष्टच सांगितलं तिला. तर म्हणते, "तुला सांगितलं असतं तर तू फोनवरून क्लच दाबायला लावला असतास."

बाजारापर्यंत मला बसवून नेलं. बाजूच्या सीटवर बसले तर पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला, आणि तिथे ब्रेकच नाही. कसं बसतात लोक असे? चालवते मात्र छान. आरसे बघते, इशारा वेळेवर देते. वळणावर थोडी रुंद जाते, ते सांगितलं नाही. म्हणजे एकदाच सांगितलं.

२३ मार्च

विचारलं.

ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, ताई, चल आता माझ्याकडे. कायमची. इथे कोण आहे तुझं? खोली तयार आहे.

घड्या घालत राहिली. टॉवेल झाले, चादरी झाल्या. मग म्हणाली, "रंग कुठला दिलास?"

"फिकट हिरवा."

"मला नाही आवडत हिरवा."

त्याच्यापुढे काही नाही. हे म्हणतात, रंग विचारला म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. मला तर ते नाहीच वाटलं.

२४ मार्च

येते म्हणाली! येते म्हणाली! येते म्हणाली!

नाश्त्याच्या वेळी, बोटाने टेबलावरचे तुकडे गोळा करत — "येते. पण माझ्या गाडीने." अगं, रणगाड्याने ये! मी ह्यांना धरून स्वयंपाकघरात गिरकी घेतली, ह्यांचा चष्मा पडला, काडी मोडली, तरी हे हसत होते.

मग ताई म्हणाली, अंडं लागेल की. भावोजींचं जुनं उन्हाने पिवळं पडून कधीच गळून गेलं. आणि मला आठवलं — कप्पा! पळत जाऊन पाकीट आणलं. तिच्या देशाची अक्षरं, कोरं करकरीत, जणू तिच्यासाठीच घेतलेलं! मेकॅनिक हसला, गाव हसलं, आता कोण शहाणं ठरलं?

ताईने स्वतः चिकटवलं. पट्टी धरू दिली नाही मला. कडेकडेने अंगठा फिरवत हवा काढली, आणि मग मागे सरून बघत म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडे येताना मी परदेशी."

"अंडं गाडीचं असतं गं, माणसाचं नाही."

"माहितेय," ती म्हणाली. "तीन आठवडे राहीन मी, धाकटे. घर बंद करून येत नाहीये, कुलूप लावून येतेय."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. राहायला येणाऱ्याला नाही, जाऊन परत येणाऱ्याला अंडं लागतं. आणि ते मीच, नाचत नाचत तिच्या हातात दिलं.

२७ मार्च

घरी आलो. ताई पुढे, मी मागे. अख्खा रस्ता डोळ्यांसमोर ते अंडं. लांबून वाचता यायला हवं, हा नियम पाळलाय खरा.

सीमेवर या वेळी ताईला थांबवलं. ज्या देशात जन्मली, वाढली, त्याच्या दारात परक्या गाडीची म्हणून! तोच इस्त्रीवाला अधिकारी. काहीतरी विचारलं, ताईने काहीतरी सांगितलं, तो मान डोलावून हसला. नंतर मी खोदून विचारलं, तर म्हणाली, "किती दिवस राहणार विचारत होता. सांगितलं काहीतरी."

तरीही — ताई माझ्या घरात आहे! भिंतीपलीकडे तिचं खोकणं ऐकू येतंय. तीन आठवडे तर तीन आठवडे. लढू.

२ एप्रिल

गल्लीत जो तो विचारतो, पाहुणे आलेत वाटतं? गाडीची पाठ बघतात आणि विचारतात. पाहुणे नाहीत, बहीण आहे माझी! आज बेकरीवालीला जरा जोरातच बोलले.

ताई मात्र खुशीत. माझ्या तासाला मागच्या सीटवर येऊन बसते. दातांच्या डॉक्टरची गाडी चढावर पुन्हा बंद पडली. मी ओरडणार तेवढ्यात मागून शांतपणे म्हणाली, "माझीही पडायची. मी मनात एक कडवं म्हणायचे आणि मग क्लच सोडायचे." त्याने ओठ हलवले, गाडी उचलली. पहिल्यांदा! तो वळून तिला धन्यवाद देत होता, रस्ता सोडून. ब्रेक मला दाबावा लागला.

६ एप्रिल

भांडण.

ताई अंघोळीला गेली होती. म्हटलं तिची बॅग उपसून कपाटात नीट लावून द्यावी, म्हणजे कसं घरच्यासारखं वाटेल. अर्ध्यात आली. ओरडली नाही. कपडे पुन्हा बॅगेत ठेवले आणि म्हणाली, "धाकटे, दार वाजवून येत जा."

माझ्या घरात मी दार वाजवू? सख्ख्या बहिणीचं? मला इतकं लागलं की जेवले नाही. म्हणजे उशिरा जेवले.

हे मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या पायाखाली कायम एक जादा ब्रेक असतो. त्यांनी आत्ता कुठे स्वतःची गाडी चालवायला घेतलीय."



७ एप्रिल

वाजवलं. दोनदा. "ये," म्हणाली. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. कपाटाकडे बघितलं सुद्धा नाही. जीव गेला अगदी.

११ एप्रिल

खोलीचा रंग बदलायचाय म्हणे! तिनेच काढलं. आठवडाभरासाठी कोण भिंती रंगवतं? मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, फक्त डबे आणून दिले. पिवळा. मला पिवळा अजिबात आवडत नाही. ताई डोक्याला रुमाल बांधून रंगवत होती, मधूनच गुणगुणत होती. भावोजींचं आवडतं गाणं. दोन ओळी म्हणून थांबली, मग पुढेही म्हणत राहिली.

१६ एप्रिल

उद्या जाते.

गाडी धुतली तिने. बॅग दाराशी. मी दिवसभर कामं उकरून काढली, डब्यांवर डबे भरले. शेवटी दार वाजवलं. आत बसले तिच्याजवळ. म्हटलं, तू राहा असं मी म्हणणार नाही, तुझं तू ठरवलंयस. पण मला तू हवी आहेस गं. बस, एवढंच सांगायचं होतं.

तिने माझा हात धरला, बराच वेळ. मग म्हणाली, "तू वळणावर फार रुंद जातेस हं. परवा मागच्या सीटवरून पाहिलं मी."

१७ एप्रिल

निरोप द्यायला बाहेर आले, तर ताईच्या गाडीच्या पाठीवर अंडं नाही! नुसता गोल डाग. म्हटलं पडलं कुठे! असं कसं निघेल ही, अडवतील ना! गाडीखाली वाकून शोधलं, डिकीत शोधलं, ओरडत घरात धावले.

मागच्या खोलीच्या दारावर आहे. डिंक गेलेला, म्हणून चारी बाजूंनी टाचण्या टोचलेल्या. शिंप्याच्या टाचण्या. हे मशीनवर खाली मान घालून, खांदे हलताहेत.

आतून ताई म्हणाली, "गाडीची नोंद करतात ते ऑफिस किती वाजता उघडतं गं? आणि आधी दार वाजव."

वाजवलं.